रात्रीचा समुद्र, उलटा वारा आणि कयाक : बडोदेकर नवशिक्यांसाठी

बडोद्यात राहून समुद्रात कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, चालवते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पण इथे समुद्र आहे कुठे?" दुसरा प्रश्न हल्ली वरचेवर येतो, आणि तो बहुतेक विशी-पंचविशीतल्या मुलामुलींचा असतो. "ताई, रात्री खवळलेल्या पाण्यात जायचंय, कसं शिकायचं?" पहिल्याचं उत्तर एका रात्रीच्या प्रवासावर, कोकणात आहे. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून हा लेख लिहायला घेतला.

एक गोष्ट आधीच सांगते. वादळी रात्री छोट्या होडीतून समुद्रात मुद्दाम कोणी उतरत नाही. मुरलेले लोकही उतरत नाहीत. अशा पाण्यात माणूस सापडतो. दुपारी तीन वाजता शांत किनाऱ्यावरून पाच-सहा जण निघतात. वाटेत एकाला बोट लागते, त्याला ओकारी येते, दुसऱ्याचा खांदा भरून येतो, एक तास असाच जातो. तोवर वारा वाढलेला असतो. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो, आणि किनारा अजून तीन किलोमीटर लांब असतो. आता रात्रही आहे आणि लाटाही आहेत. तुम्ही थरारासाठी आलेला नव्हता, तरी तिथे आहात. शिकायचं ते या प्रसंगासाठी. म्हणूनच अंधार शांत पाण्यात शिकायचा, लाटा दिवसाउजेडी शिकायच्या, आणि दोन्ही एकत्र आले तर घरी कसं यायचं ते आधी किनाऱ्यावर बसून ठरवून ठेवायचं.

कुठे शिकायचं नाही

विश्वामित्री नदीत मगरी आहेत, आणि त्या दोन-चार नाहीत, शेकडो आहेत. २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात त्या सोसायट्यांच्या आवारात आलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. आजव्याच्या सयाजी सरोवरात मगरी आहेत, मही नदीतही आहेत. "आम्हाला कधी दिसली नाही" हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

हरणीचा तलाव तर बडोदेकर विसरणार नाही. १८ जानेवारी २०२४ ला शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, आणि बोटीतल्या बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. लहानसं, शहरातलं, शांत पाणी होतं ते. मी कुणालाही पहिल्यांदा जॅकेट घालायला शिकवते तेव्हा हा दिवस मनात असतो. त्या बाबतीत मी सवलत देत नाही, कोणी कितीही चांगला पोहणारा असला तरी.

राहिलं खंभातचं आखात. नकाशावर आपल्याला सगळ्यात जवळचा समुद्र हाच, जंबुसरच्या वाटेने कावी-कंबोईला गेलं की पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर. तिथे जरूर जा, पण होडी न घेता. स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत पाण्याखाली जातं आणि ओहोटीत मोकळं होतं. एक अख्खी भरती तिथे बसून बघा. आखातात भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीच्या पातळीत १० मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे तीन मजली घराएवढा. एवढं पाणी सहा तासांत आत येतं आणि सहा तासांत बाहेर जातं. मैलोन् मैल चिखल उघडा पडतो आणि पुन्हा भरतो. त्या प्रवाहात वल्हं मारून काही उपयोग नाही, आणि त्या चिखलात उतरून चालताही येत नाही. भरती म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

तरणतलावात : उलटायचं आणि बाहेर यायचं

शिकवणीची सुरुवात आपल्याच शहरात, तरणतलावावर. आधी पोहणं. वेगाची गरज नाही, पण कपड्यांनिशी, जॅकेट घालून, पंधरा मिनिटं पाण्यात न घाबरता तरंगता आलं पाहिजे.

मग कयाक. किनाऱ्यावर पर्यटकांना देतात ती वरून बसायची उघडी कयाक असते. उलटली तर आपण आपोआप बाहेर पडतो, म्हणून सुरुवातीला तीच चांगली. खऱ्या सागरी कयाकमध्ये पाय आत घालून बसतात. ती पाच मीटरच्या आसपास लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद असते, आणि पुढेमागे पाणी न शिरणारे बंद कप्पे असतात. बसायच्या भोकावर स्प्रे स्कर्ट लावतात. हा कमरेभोवतीचा रबरी घेर असतो, त्याने लाटेचं पाणी आत येत नाही. त्या घेराला पुढे एक पट्टी असते. कयाक उलटली की ती पट्टी पुढे आणि वर ओढायची, घेर सुटतो, मग दोन्ही हातांनी काठ ढकलून मांड्या सोडवायच्या आणि बाहेर यायचं.

वाचायला हे दोन ओळींत झालं. तलावात माझ्या एका विद्यार्थ्याने घाईत घेर लावला आणि पट्टी आतच राहिली. मी शेजारी छातीभर पाण्यात उभी होते. तो उलटला. पाण्याखाली त्याचा उजवा हात रबरावरून पुढे सरकताना दिसत होता. एकदा सरकला, परत मागे गेला, पुन्हा सरकला. पट्टी असायला हवी तिथे नुसतं गुळगुळीत रबर. तिसऱ्यांदा हात थांबला, आणि मी कयाक सरळ केली. सगळं मिळून आठ-नऊ सेकंद. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला. घेर लावल्यावर प्रत्येकाने पट्टी हातात धरून "बाहेर" असं मोठ्याने म्हणायचं, शेजाऱ्याने ती डोळ्यांनी बघायची, मगच होडी हलेल. अंधारात तर पट्टीवर हात फिरवून बघायचा.

तलावात किमान वीस वेळा उलटा. शेवटच्या पाच वेळा डोळे मिटून. रात्री पाण्याखाली काहीच दिसणार नाही, तेव्हा हातांनाच वाट माहीत असली पाहिजे. उलटून तसंच सरळ होण्याची युक्ती, जिला रोल म्हणतात, ती पुढे महिनोन् महिने घोटावी लागते. ती येत नाही म्हणून समुद्र अडत नाही. बाहेर पडून जोडीदाराच्या मदतीने परत चढता आलं पाहिजे, ते मात्र आलंच पाहिजे.

हे परत चढणं असं. जोडीदार आपली कयाक तुमच्या उलट्या कयाकच्या टोकाशी काटकोनात आणतो. टोक आपल्या मांडीवर ओढून घेतो, आतलं पाणी ओततो, कयाक सरळ करून स्वतःच्या कयाकला समांतर घट्ट धरून ठेवतो. तुम्ही पाय लाथाडत पोटावर मागच्या भागावर चढता, पाय आत घालता, गिरकी घेऊन बसता. या सगळ्यात तुमचा एक हात सतत कयाकवर. सुटलेली रिकामी कयाक वाऱ्याने पोहणाऱ्यापेक्षा वेगाने पळते, हे पहिल्यांदा बघतो तेव्हा धस्स होतं. दिवसा शांत पाण्यात हे दोन-तीन मिनिटांत जमायला लागलं की कोकणाचं तिकीट काढायला हरकत नाही.

सामान

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर कोणीतरी खांद्यांना धरून वर ओढावं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली हवी, पिशवीत नको. वल्हं एक जास्तीचं, कयाकच्या पाठीवर बांधून. ओढून न्यायला दोरी. ज्या भागात लाटा फुटतात किंवा खडप, म्हणजे पाण्यातले खडक, आहे तिथे हेल्मेट. पाणी माणशी दोन लिटर, थोडा गूळ-शेंगदाणे किंवा खजूर. एक वारा न लागू देणारं जाकीट. अरबी समुद्राचं पाणी उबदार असतं, तरी भिजलेल्या अंगावर दोन तास वारा लागला की दात वाजायला लागतात आणि बोटांची पकड जाते.

दिव्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नवशिके इथेच चुकतात. भारी हेडलॅम्प घेऊन येतात आणि तो सतत पेटता ठेवतात. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. एकदा पांढरा झोत डोळ्यांत गेला की ती सगळी कमाई गेली, आणि शेजारच्याचीही गेली. तेव्हा नकाशा किंवा होकायंत्र बघायला लाल, मंद दिवा. प्रत्येकाच्या पाठीवर, जॅकेटच्या मागच्या बाजूला, एक छोटा स्थिर दिवा, म्हणजे मागून येणाऱ्याला तुम्ही दिसता आणि तुमचे डोळे दिपत नाहीत. आणि हाताशी एक जोरदार पांढरा टॉर्च, फक्त समोरून येणाऱ्या नावेला आपण आहोत हे दाखवायला. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले, त्यांतही वल्ह्याच्या होडीला किमान एवढं सांगितलं आहे की पांढऱ्या उजेडाचा टॉर्च किंवा कंदील हाताशी असावा आणि टक्कर टळेल इतक्या आधी तो दाखवावा. लुकलुकणारा दिवा संकटासाठी राखून ठेवा. प्रत्येक दिवा जॅकेटला दोरीने बांधा. हातातून निसटलेला टॉर्च तळाशी पेटता दिसत राहतो आणि उपयोगाला येत नाही.

फोन पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये, चार्ज पूर्ण. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, आणि सर्वसाधारण मदतीसाठी ११२. दोन्ही पाठ असू द्या.

कोकणात, आधी दिवसा

बडोद्याहून कोकण रेल्वेने रत्नागिरीकडे जाणाऱ्या गाड्या आहेत, पुढे मालवण-तारकर्ली भागात कर्ली नदीची खाडी आहे. तिथे शांत पाणीही मिळतं, आणि देवबागच्या संगमावर नदी आणि समुद्र भांडताना लांबून बघायलाही मिळतं. हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे महिने. १७ मे २०२१ चं तौक्ते आपल्याच सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळलं होतं. पावसाळ्यात कोकणात जलक्रीडा बंद असतात आणि जून-जुलैत यांत्रिक मासेमारीही बंद असते, म्हणजे मदतीला नावही नाही. त्या दिवसांत समुद्रात उतरायचा विचारही नको. रात्री उतरायचं तर स्थानिक प्रशिक्षक सोबत हवा, आणि जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात विचारून, सांगूनच.

तिथी, भरती आणि वारा

आपल्याकडे घरोघरी कालनिर्णयासारखं कॅलेंडर टांगलेलं असतं. कयाकवाल्यासाठी ते भरतीचं वेळापत्रक आहे. कोकणच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहाला. दशमीला साडेसातला. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघायचीच, पण मनाशी अंदाज बांधायला हा हिशेब उत्तम. खंभातच्या आखातात तो चालत नाही, तिथे भरती काही तास उशिरा पोचते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप चढतं, खूप उतरतं, प्रवाह जोराचा. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांगाची भरती, प्रवाह मंद. आता यात चंद्र मिळवा. रात्री शिकायचं तर पौर्णिमेची रात्र हवीशी वाटते, पण त्या रात्री प्रवाह सगळ्यात ओढाळ असतो. शुक्ल दशमी घ्या. चंद्र संध्याकाळीच डोक्याच्या जवळ असतो आणि मध्यरात्रीनंतर मावळतो. भरती साडेसातच्या सुमाराला, म्हणजे अंधार पडतो तेव्हा पाणी भरून थांबलेलं असतं. भांग असल्यामुळे नंतरची ओहोटीही हळू. सात ते साडेआठ हा दीड तास नवशिक्यासाठी याहून चांगला मिळणं कठीण. महिन्यातून एकच रात्र आहे, पण ती कॅलेंडरात आधीपासून छापलेली असते.

पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उतरणीचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणून भरतीनंतरचा पहिला तास फसवा असतो. सगळं सोपं वाटतं. तिसऱ्या तासात खाडी तुम्हाला बाहेर ओढायला लागते. तुम्ही थकल्यावर साधारण ३ नॉटने (एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर) वल्हवता आणि समोरून २ नॉटचा प्रवाह आहे, तर तासाभरात दोन किलोमीटरही होत नाहीत. खाडीत रात्री जायचं तर आधी वरच्या बाजूला, समुद्रापासून लांब जायचं. परतताना ओहोटी घरी आणते, मात्र उतरायची जागा खाडीच्या तोंडाशी नको.

वारा हे दुसरं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, परीक्षेपुरते. हिवाळ्यात कोकणात दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वाहणारा वारा संध्याकाळी पडतो आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई सुटतो. किनाऱ्याजवळ तो जाणवत नाही, झाडांच्या आडोशाने पाणी आरशासारखं असतं. आम्ही तिघे एका डिसेंबरात असेच निघालो होतो. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेले एक काका म्हणाले, "वारो फिरतलो, लांब जाव नका." आम्ही हो म्हटलं आणि लांब गेलो, कारण होडी अलगद चालली होती. ती अलगद चालली होती कारण वारा पाठीवर होता. चाळीस मिनिटांनी वळलो तेव्हा तोच वारा तोंडावर आला, आणि परतायला दोन तासांच्या वर लागले. मध्ये एकाचा दिवा विझला आणि आम्ही फक्त आवाजावरून एकमेकांना धरून राहिलो. किनाऱ्याला लागलो तेव्हा काका तिथेच उभे होते, कंदील उंच धरून. रागावले नाहीत. त्यांनी आधी आमची डोकी मोजली.

त्या रात्रीपासून मी जायच्या दिशेला वारा पाठीवर घेत नाही. आधी वाऱ्यावर चढायचं, दमलं की तो घरी आणतो. आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमाराने नको म्हटलं तर त्या दिवशी होडी वाळूवरच राहते.

अंदाज बघायला हवामान खात्याचं किनारपट्टीचं पत्रक आहे, आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांच्या उंचीचा अंदाज रोज निघतो. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला की विषय संपला. वीज चमकून गडगडाट ऐकू आला तर लगेच किनारा गाठायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याकडे फिरकायचं नाही. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुमचं डोकं असतं.

पहिली रात्र

दिवसा दोनदा गेलेल्याच वाटेवर जा. कमीत कमी तिघे, आणि त्यांत एक अनुभवी. निघण्याआधी किनाऱ्यावर एक माणूस ठेवायचा. त्याच्याकडे कागदावर लिहिलेलं हवं: किती जण, कयाकचे रंग, वाट कोणती, परतीची वेळ, आणि किती वाजता परत न आल्यास १५५४ लावायचा.

पाण्यात उतरलात की दहा मिनिटं काहीच करू नका. डोळ्यांना आणि कानांना वेळ द्या. अंधारात एखादी वस्तू बघायची तर तिच्यावर थेट नजर रोखू नका, किंचित बाजूला बघा, ती जास्त ठळक दिसते. अंतराचा अंदाज चुकतो. लांबचा दिवा जवळ वाटतो, जवळचा खडक लांब. म्हणून किनाऱ्यावरचे दोन दिवे निवडा, एकामागे एक येतील असे, आणि ते एका रेषेत ठेवत चला. रेषा तुटली की समजा प्रवाह तुम्हाला बाजूला नेतोय. दीपगृह जवळ असेल तर त्याच्या उघडझापीची सेकंदं मोजून ठेवा. प्रत्येकाची लय वेगळी असते.

क्रमांक पुकारत राहा. पुढच्याने "एक" म्हटलं की मागचे "दोन", "तीन". दर दोन-तीन मिनिटांनी. आवाज आला नाही तर सगळे थांबतात. दोन कयाकमध्ये दोन-तीन होड्यांचंच अंतर ठेवा.

मच्छीमारांच्या जाळ्यांचे बोये रात्री दिसत नाहीत. वल्हं जाळ्यात अडकलं तर ओढू नका, मागे घ्या. जाळं त्यांच्या पोटाचं आहे, कापायची वेळ येऊ नये अशीच वाट निवडा. नावेचा लाल दिवा तिच्या डाव्या अंगाला असतो, हिरवा उजव्या. दोन्ही एकदम दिसले तर ती तुमच्यावरच येतेय. लहान नावांवर बऱ्याचदा एकच पांढरा दिवा असतो, त्यामुळे इंजिनाचा आवाज आला की सगळे एकत्र या, टॉर्च दाखवा, आणि तिच्या वाटेतून काटकोनात बाजूला व्हा.

बोट लागण्याचा त्रास रात्री जास्त, कारण क्षितिज दिसत नाही. दूरच्या एखाद्या दिव्यावर नजर ठेवा, होकायंत्रात डोळे घालून बसू नका. ज्याला ओकारी आली त्याला थांबवा, दुसऱ्याने त्याची कयाक धरून ठेवावी. ओकताना माणूस बाजूला झुकतो आणि उलटतो.

लाटा, दिवसाउजेडी

पाण्यावर तुरळक पांढरे फेस दिसायला लागले की वारा ७ ते १० नॉटचा आहे. जागोजागी फेस म्हणजे ११ ते १६. नवशिक्याची हद्द पहिल्यापाशीच संपते, दुसरा फक्त प्रशिक्षकाबरोबर, किनाऱ्याकडे वाहणाऱ्या वाऱ्यात. २२ नॉटच्या वर मी स्वतः जात नाही. लाट दुप्पट उंच झाली की तिची ताकद चौपट होते. आणि वारा एका बाजूने, प्रवाह विरुद्ध बाजूने असला की लाटा उभ्या आणि जवळजवळ येतात. खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी नेमकं हेच होतं.

अशा पाण्यात कमरेखालचा भाग सैल सोडायचा. कयाक लाटेबरोबर डोलू दे, वरचं अंग सरळ राहू दे. नवशिका घाबरून सगळं अंग आवळतो, वल्हं हवेत धरून थांबतो, आणि थांबल्यामुळेच उलटतो. वल्हं पाण्यात असेल तर तो तिसरा पाय आहे. लाट बाजूने आली तर लाटेच्या अंगाला झुकायचं आणि वल्ह्याचं पातं लाटेवर टेकवायचं. मनाला हे उलट वाटतं, म्हणून दिवसा, वाळूच्या तळावर, कंबरभर पाण्यात शेकडो वेळा करायचं. खडकाळ कड्यापासून लांब राहा. तिथे परत फिरणाऱ्या लाटा येणाऱ्यांना भिडतात आणि पाणी वर-खाली उसळतं, त्याला दिशाच नसते.

आणि दोन्ही एकत्र आलं तर

आधी सगळे एकत्र. होड्या शेजारी-शेजारी लावून एकमेकांच्या काठांना धरा. तीन कयाक धरलेल्या असल्या की उलटणं फार अवघड. तिथे पाणी प्या, गूळ खा, वाऱ्याचं जाकीट चढवा, दिवे लावा, माणसं मोजा. पाच मिनिटं गेली तरी चालतील, मात्र वारा खडकाकडे किंवा खोल समुद्राकडे नेत नसावा. नेत असेल तर दोन मिनिटांत उरका.

मग ठरवा, कुठे. निघालो तिथेच परत जायचा हट्ट बऱ्याच जणांना बुडवू शकतो. गाडी तिथे आहे, कपडे तिथे आहेत, म्हणून माणूस वाऱ्याविरुद्ध झगडत राहतो. जवळचा, आडोशाचा, वाळूचा किनारा कोणता, तिकडे जायचं. मग चार किलोमीटर रस्त्याने चालायला लागले तरी चालेल. तो किनारा निघण्याआधीच नकाशावर खूण करून ठेवलेला असावा. मी तो "पळवाट" म्हणून कागदावर लिहिते.

रात्री लाट दिसत नाही, ऐकू येते. मागून सळसळ वाढत गेली की फुटणारी लाट येतेय, पातं पाण्यात ठेवा. सतत गडगडणारा आवाज एकाच बाजूने येत असेल तर तिथे खडप किंवा वाळूचा दांडा आहे. त्यापासून लांब. सगळ्यात कमकुवत माणूस मध्ये, अनुभवी मागे. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. कोणाचे हात गेले तर वेळ न घालवता दोरीने ओढायला घ्या. "अजून जमतंय" म्हणणाऱ्याचा आवाज ऐका, शब्द नका ऐकू. उत्तरं तुटक आणि उशिरा यायला लागली तर तो संपत आलाय.

कोणी पाण्यात पडला आणि दोनदा प्रयत्न करूनही चढवता आलं नाही, माणूस हरवला, किंवा किनारा जवळ येतच नसला, तर लगेच मदत मागा. १५५४ ला सांगायचं: कुठे आहोत, किती जण, काय झालं, जॅकेट आहे का, दिवे कसले. जवळ नाव दिसली तर शिट्टीचे तीन फुंकर, पुन्हा तीन, आणि लुकलुकणारा दिवा. कयाक सोडून पोहत किनाऱ्याकडे निघायचं नाही. पाण्यातलं एकटं डोकं शोधणाऱ्याला दिसत नाही, कयाक दिसते.

किनाऱ्याला लागतानाची शेवटची पन्नास मीटर सगळ्यात धोक्याची. एक मीटरची लाट साधारण सव्वा-दीड मीटर खोलीवर फुटते, म्हणजे तुम्हाला पाय टेकतील असं वाटतं तिथेच. बाहेर थांबा, लाटा मोजा, मोठ्यांची झुंड जाऊ द्या. एकेकाने जायचं, आधी अनुभवी, मग तो किनाऱ्यावरून टॉर्चने बोलावेल. लाट मागून उचलायला लागली की वल्हं उलटं मारून तिला खालून जाऊ द्या, तिच्या पाठीवरून आत या. आडवे झालात तर लाटेकडे झुका. उलटलात तर कयाकच्या समुद्राकडच्या बाजूला राहा, म्हणजे पुढची लाट ती भरलेली कयाक तुमच्या अंगावर फेकणार नाही.

वाळूवर आलात की पहिलं काम माणसं मोजणं. दुसरं, किनाऱ्यावर ठेवलेल्या माणसाला फोन, भलत्याच गावात उतरला असलात तर आधी तोच, नाहीतर तिकडे तो १५५४ फिरवत असेल आणि तटरक्षक दलाचं जहाज तुम्हाला रिकाम्या पाण्यात शोधत राहील. मग कोरडे कपडे, गरम चहा, आणि दिव्यांचे सेल काढून ठेवायचे, खाऱ्या पाण्याने रात्रीतून हिरवे पडतात.